पावभराचा फरक

छाजेडनी दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी उघडून ठेवले,
स्थळं दाखवावीत तसे.
एक राखाडी, नऊशे सत्तर ग्रॅम.
एक काळा, बाराशे वीस.
मी म्हटलं, काटा आहे का?
ते हसले, आणि समोरच्या नमकीनवाल्याकडून
खरंच मागवला.
बेसनानं पिवळ्या पडलेल्या ताटलीवर
साठ हजारांचं यंत्र आडवं झालं.
नऊशे शहाऐंशी.
"वो सोला ग्राम तो सेव के हैं, मॅडम."

तीस वर्षं जिल्हा कोर्टाच्या आवारात टायपिंग करते आहे.
आधी लोखंडी टाइपरायटर, जो दोन माणसं उचलायची,
आता हा अडीच किलोचा म्हातारा,
ज्याच्या पट्ट्याचा वळ माझ्या खांद्यावर
ब्लाउजच्या शिवणीसारखा कायमचा.
डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा.
मला वाटलं, माझं.

राखाडी एका बोटानं उघडतो.
काळ्याला दोन्ही हात लागतात, ट्रंकेसारखे.
राखाडीच्या खोक्यावर लिहिलंय, बॅटरी अठरा तास.
काळ्याच्या खोक्यावर नऊ.
जे खोकं कमी बोललं, त्याच्यावर जरा विश्वास बसला.
राखाडीचा पडदा असा चकचकीत
की शपथपत्राच्या जागी माझा चष्मा दिसला,
मागे ट्यूबलाइट,
आणि हनुवटीवरचा तो एक केस.
निंबाखाली, उघड्या उजेडात बसणारी बाई मी.
आरसा घरी आहे.

मेमरी?
"इसमें बढ़ती नहीं, चिपकी हुई आती है."
काळ्याची वाढते, चार स्क्रू काढले की.
अठ्ठावन्नाव्या वर्षी हे ऐकून बरं वाटलं,
का ते सांगता येणार नाही.

राखाडीला पंखाच नाही. गप्प असतो.
दहा मिनिटं मांडीवर घेतला तर साडीतून चटका बसला.
काळा कुरकुरतो, घरघरतो, आणि निवतो.
या दोन्ही प्रकारच्या माणसांबरोबर मी राहिलेली आहे.

मग मी नाव टाइप केलं.
कुठलंही यंत्र पारखायचं तर मी तेच करते:
शालन पिंगळे.
डाव्या करंगळीनं शिफ्ट, उजवीकडचा ल,
दोन्ही मिळून ळ.
राखाडीची शिफ्ट निम्मी कापलेली,
जागा वाचवली म्हणे.
करंगळी शेजारच्याच कळीवर पडली,
मध्ये भलतंच चिन्ह, आणि पुढे ल.
पुन्हा केलं. पुन्हा ल.
"पिंगले भी चलता है ना, मॅडम, यहाँ तो..."

चालतं.
शाळेच्या दाखल्यावर चाललं, रेशनकार्डावर चाललं,
लग्नाआधीची वाळिंबे होते
तेव्हा वालिंबे म्हणून चाललं.
या शहरानं मला पोटभर दिलं,
एक अक्षर तेवढं ठेवून घेतलं.

काळ्याची शिफ्ट ऐसपैस, दिवाणासारखी.
कळ खोल जाते,
तळाला टेकली की बोटाला समजतं.
पिंगळे.
पहिल्याच फटक्यात.
मी आणखी चार वेळा टाइप केलं, उगीच.
मग बाळ, केळ, गाळ, टाळाटाळ.
छाजेड माझ्याकडे बघत राहिले.

काळा घेतला.
वरचे अडीचशे ग्रॅम म्हणजे पावभर लौंग-सेव,
ती तर मी दर शनिवारी रामबागेपर्यंत
खांद्याची तक्रार न ऐकता नेतेच.

बिल छापून आलं: श्रीमती शालन पिंगले.
मी ते काउंटरवरून परत सरकवलं.
यंत्र त्यांच्याकडे वळवलं. म्हटलं, या,
करंगळी इथे. नाही, डावी.
त्यांनी बोट ठेवलं, कडक, अंगठीसकट,
जन्मात त्या कळीवर न गेलेलं.
तिसऱ्या वेळी जमलं.
"अच्छा," म्हणाले, आणि पडद्याजवळ वाकून
त्याचं वेटोळं बघत राहिले.

समोरचा मुलगा काटा न्यायला आला होता.
त्याला म्हटलं, पाव तोल, लौंगची.
आणि आधी ताटली पूस.