वस्तरा

इस्फारात, बाजारामागे, माझं दुकान.
खुर्ची सोविएत काळातली, अजून कुरकुरत नाही.

आज पोलीस मेहरोजला घेऊन आले,
जर्दाळूवाल्या नियोझबेकचा धाकटा.
"काढा," म्हणाले.
पैसे त्यांनी दिले नाहीत, पोराकडून मी घेतले नाहीत.

याच्या आजोबांचा रोजा मला ठाऊक होता.
मुरंब्याच्या कारखान्यात दुपारी डबा उघडून
ते नुसती नान मोडत बसायचे, चिमण्यांना टाकायचे.
मुकादम बघायचा, बोलायचा नाही.
तोही उपाशीच असायचा.

मग मशिदीतली खोकी निघाली, झुंबर लागलं,
दाढ्या वाढल्या, आणि बंदुका.
त्या हिवाळ्यात माझा भाऊ दक्षिणेला गेला.
त्याची दाढी मी कधी पाहिली नाही.

आता शुक्रवारचं प्रवचन राजधानीतून छापून येतं.
इमाम चष्मा लावून वाचतो,
खोकला आला तर त्याच ओळीवर बोट ठेवतो.

फेसाखाली मेहरोजची हनुवटी सापडली,
लहानशी, आजोबांसारखी खळी असलेली.
"झालं," मी म्हणालो, झालं नव्हतं तरी.
त्यानं आरशात पाहिलं नाही.
ओठ मात्र हलत होते;
वस्तऱ्याला तेवढं जपावं लागलं.