क्लिकनंतर

लॉ कॉलेज रोडवरच्या त्या छोट्या थेटरात
आम्ही अकरा जण होतो, पंखे धरून चौदा.
पास नेऊरगावकरांनी आणलेले. ते स्वतः
सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरायला लागले.

पडद्यावर एक म्हातारा मटार सोलत होता.
बोलणं संपलं होतं, सून उठून आत गेली होती,
कॅमेरा मात्र गेला नाही.
मला वाटलं, माणूस चहाला गेला असेल चालू ठेवून.
एक दाणा टेबलावरून घरंगळला.
म्हाताऱ्याने पाहिला, उचलला नाही.
मग त्याचा चेहरा सैल पडत गेला,
दिवसभराचा बूट काढल्यावर
पाऊल पडतं तसा.

नारायण पेठेत एकतीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ.
पासपोर्ट, ओळखपत्र, स्थळासाठी उभा फोटो.
हनुवटी जरा खाली. खांदे सरळ. हलू नका.
क्लिक.
की लगेच माझी पाठ:
रीळ होतं तोवर रीळ, नंतर कॉम्प्युटर,
पावतीवर नाव, गुरुवारी या.
माझ्या पाठीमागे एकतीस वर्षं
माणसं श्वास सोडत होती.

दिवे लागले. नेऊरगावकर म्हणाले, "काय झालं शेवटी?"
"काही नाही."
"मग बरं झालं झोपलो."
नळ स्टॉपला चहा घेताना
बशी ओठांशी नेता नेता ते थांबले.
मागच्या श्रावणात त्यांची बायको गेली.
एरवी मी काहीतरी बोललो असतो,
निदान पेट्रोलच्या भावाबद्दल.
चहा गार झाला दोघांचा.

सोमवारी अत्तारांच्या सायराबी आल्या,
हजच्या फॉर्मसाठी, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून.
हलू नका म्हणालो. क्लिक.
वळलो नाही.
त्या अजून तशाच, खांदे सरळ.
"झालं?"
"झालं."
तेव्हा त्यांनी ओढणीच्या टोकाने ओठ पुसले,
आणि घराला कुलूप लावून
पुन्हा एकदा ओढून बघावं
तसं काहीतरी चेहऱ्यावर आलं, गेलं.
कॅमेरा हातातच होता.
दाबला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

पावती लिहायची तेवढी राहिली.
गुरुवारी पाकिटावर नाव नव्हतं.
चेहरा बघून दिलं.