उघाडी

माती माझ्याकडे येते तेव्हा
पिशवीवर फक्त नंबर असतो.
मी ती वाळवते, चाळते, पाण्यात ढवळते,
काचेची नळी बुडवून थांबते.
ठाण्याच्या या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं.

त्या दिवशी तळवलीच्या खाजणातून अकरा पिशव्या आल्या.
काळ्या. सडक्या अंड्याचा वास.
शिपाई म्हणाला, मॅडम, खिडकी उघडू?
राहू दे, म्हटलं.
हा वास माझ्या माहेरचा.

जोमाकाका तिथे उघाडी सांभाळायचा.
बांधातलं लाकडी दार, एवढंच.
किती खारं आत घ्यायचं, किती परत धाडायचं
हे त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं.
फळीखालून निवट्या सटकायच्या
आणि आम्ही पोरं बोईटांच्या मागे, मांडीभर गाळात.
कोपरापर्यंत हात घातला की
खाली जुन्या तिवरांची मुळं लागायची,
आजोबांच्या आजोबांच्या वेळची,
बरणीच्या तळाशी राहिलेल्या फोडीसारखी
मुरलेली, न कुजलेली.

मग संघ निघाला.
कागदावर हिरवी लोंबी छापलेली: खारजमीन शेतकरी संघ.
खारं पाणी शेत नासवतं, दार कायमचं बंद करा,
शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका.
खाली अकरा सह्या.
त्यातल्या नऊ जणांना लावणीचा चिखल आणि खाडीचा चिखल
वासावरून वेगळा सांगता आला नसता.
सातबाऱ्यावर भात होताच.
तो तिथे दरवर्षी पिकतो,
न पेरता, तलाठ्याच्या शाईवर.

दार बंद झालं.
तिवरं उभ्या उभ्या वाळली. त्यांची श्वासमुळं
जमिनीबाहेर नाक काढून तशीच राहिली.
भात कुणी लावला नाही.
रात्री पोकलेन यायचे.

गाळ पाण्याखाली असतो तोवर गप्प असतो.
हवा लागली की त्यातलं गंधक जागं होतं.
अकराही पिशव्यांचा सामू तीन पूर्णांक चार,
कैरीच्या फोडीहून थोडा कमी आंबट.

दामाशेठ स्वतः आले. थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात, जिताडा.
"ताई, खाजणातला शेवटचाच समजा,
पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल."
बसले, चहा घेतला, गावाकडची विचारपूस केली.
मग म्हणाले, खताच्या परवान्याला
तुमचा एक आकडा आडवा येतोय.

आपल्या लिपीत ३ आणि ६
एकमेकांकडे पाठ करून उभे असतात.
एकाला नुसतं वळवायचं असतं.

जिताडा चांगला होता.
मी डोकं ठेवून घेतलं, आमटीला.

परवा सुनेनं मोबाइलवरून माती मागवली.
पाच किलो, "भूमाता, बाल्कनीसाठी खास, शंभर टक्के नैसर्गिक".
सोळाव्या मजल्यावर जास्वंद लावली.
पंधरा दिवसांत पानं करपली,
कुंडीखालच्या बशीत पिवळा ओघळ.
सून म्हणाली, ऊन जास्त होतंय का हो आई?
ती आत गेल्यावर मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.
नळीची गरज नव्हती.
कुंडी उपसताना एक खुबा सापडला,
मिटलेला. नखानं उघडेना.
तो ओट्यावर आहे अजून, मिठाच्या बरणीशेजारी.

जोमाकाका आता त्याच बांधावर वॉचमन आहे.
बंद दाराचा. किल्ली संघाच्या ऑफिसात.
उधाणाच्या रात्री फोन करतो, उगाचच,
पैसे नको असतात त्याला, काही नको असतं.
म्हणतो,
पानी ठोकतं गो फलीला रातभर.
जसा कोनी आपलाच हाय.

तू काय सांगतोस त्याला,
हे मी विचारत नाही.