बहात्तर महिने

ट्रेंट मॅनेजरला विचारायला गेलाय.
तिसऱ्यांदा.
काचेपलीकडे तो कॉफीच्या यंत्रापाशी उभा आहे
आणि कोणालाच काही विचारत नाहीये.

वर्नर, माझ्या पर्समध्ये चेकबुक आहे,
तुझी बोट विकल्याचे पैसे बँकेत.
सव्वीस हजार चारशे. एका सहीचं काम.
आपण सगळं असंच घेतलं,
फ्रीज, छपराची दुरुस्ती, तुझं कानातलं यंत्रसुद्धा,
समोरच्याच्या हातावर मोजून.
तुझ्या आजोबांची मासेमारीची नाव
बँकेनं धक्क्यावरून ओढून नेली,
हे तू इतक्या वेळा सांगितलंस
की कर्ज म्हटलं की मला अजून
ओल्या दोराचा वास येतो.

पण ट्रेंट म्हणतो, रोख द्याल तर हीच किंमत.
कर्ज घ्याल तर पंधराशे कमी.
मी म्हटलं, उलटं बोललास का रे बाळा?
तो हसला.
निर्व्याज म्हणावं असं ते हसू नव्हतं.

मग त्यानं माझं नाव कॉम्प्युटरात घातलं.
आर्डिस कीवेला. स्पेलिंग पुन्हा विचारलं.
बराच वेळ पडद्याकडे बघून,
डॉक्टर बोलतात तशा आवाजात म्हणाला,
'तुमची पत सापडत नाही.'

एकतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते.
निम्म्या डुलुथनं माझ्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायलंय,
ट्रेंट, बहुतेक तूही.
कोणाचा एक डॉलर कधी ठेवला नाही
आणि नेमकी म्हणूनच मला पत नाही.
पत नाही म्हणून व्याज अकरा पूर्णांक नऊ.

माहितीपत्रकाच्या मागे, पांढऱ्या जागेत, मी हिशेब मांडला.
तीन हप्ते भरायचे, नाहीतर सूट परत घेतात.
तीन महिन्यांचं व्याज सातशे चौतीस.
पंधराशेतून वजा.
पुन्हा केला. तोच आकडा.
म्हणजे कर्ज काढून लगेच फेडलं
तर मला सातशे सहासष्ट डॉलर सुटतात.
तुला हे आवडलं नसतं.
तू हिशेब तपासला असतास, बरोबर निघाला असता,
आणि तरीही आवडलं नसतं.

आणि एक सांगायचं राहिलं. तळघरातली भट्टी
जानेवारीत दोन रात्री बंद पडली.
बाहेर उणे अठ्ठावीस. मी कोट घालून झोपले.
सगळी रक्कम आज गाडीत ओतली
तर पुढच्या वेळी भट्टीवाल्याला काय देऊ,
गाडीचं एक दार?

ट्रेंटनं कागद ठेवून दिलाय समोर.
दरमहा चारशे शहाऐंशी, बहात्तर महिने,
आणि खाली शेवटच्या हप्त्याची तारीख, छापील.
तेव्हा मी त्र्याहत्तरची असेन.

तुझ्या शेजारच्या दगडावर माझं नाव कोरून ठेवलंय,
दोन्ही नावं एकदम स्वस्त पडली म्हणून.
जन्मसाल, मग रेघ, मग कोरा ग्रॅनाइट.
दर रविवारी बर्फ झाडताना
मी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवते.
आणि इथे एक अनोळखी बँक,
जिला माझी पतही सापडली नाही,
सहा वर्षांनंतरच्या एका मंगळवारी
माझी वाट बघणार आहे.
वेडेपणा आहे, पण घसा दाटून आला.

ट्रेंट परत आला. बाहीवर कॉफी सांडलेली.
'मॅनेजर म्हणतात, याहून कमी होणार नाही.'
मी पेन मागितलं.
तीन हप्ते, जास्त नाही, मी त्याला बजावलं.
तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

मग जुन्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवून मी म्हटलं,
ड्रायव्हरच्या पायाखाली, मिठानं खाल्लेल्या भोकावर
बिस्किटं भाजायचा एक ट्रे टाकलाय.
तो सौद्यात धरू नकोस.
तो माझा आहे.