शेवटची गाडी

माझं काम साधं: सगळ्यांच्या मागं राहायचं.
नगरपालिकेची पांढरी व्हॅन, मागचं दार कुरकुरणारं,
टपावर पिवळा दिवा, शेजारच्या सीटवर नियमांचा कागद:
ठरल्या वेगाहून हळू जो जाईल
त्याला प्रेमानं गाडीत घ्यावं.
'प्रेमानं' हा शब्द खरोखर छापलाय.

वाल्दिव्हियात ऑक्टोबरची सकाळ म्हणजे धुकं.
नदी दिसत नाही, नुसता वास येतो.
बाराशे माणसं पुलावरून गेली
तेव्हा पूल घसा खाकरल्यासारखा हलला.
पुढचे कसे धावतात मला ठाऊक नाही.
आठ वर्षं झाली, जिंकणारा एकदाही पाहिलेला नाही.
मला माणसं पाठमोरी कळतात:
खांदा आधी हरतो, मग मान,
पाय बिचारे सगळ्यात शेवटी.

अठराव्या किलोमीटरला पहिला चढला,
दातांचा डॉक्टर हायनर. नवेकोरे बूट, रक्ताळलेला मोजा.
मनगटावरचं घड्याळ बंद कसं करतात तेच त्याला सापडेना,
ते टुकटुक करत चल, चल म्हणत राहिलं.
मग एक नर्स, रात्रपाळीवरून थेट आलेली,
बसल्या बसल्या झोपली, हातात अर्धं केळं.
मग दोघे भाऊ.
थोरल्यासाठी थांबलो, असं धाकटा म्हणाला.
धाकट्यासाठी थांबलो, असं थोरला.

सत्तावीसच्या पुढं उरली एकच.
एदुविना वेनचुयान, वय एकसष्ट,
मासळीबाजारात तिसरा ठेला,
पाठीवरचा नंबर उलटा टाचलेला.
मी काच खाली केली. "बाई, या, बसा."
"डिझेल फुकट मिळतं का रे तुला?" ती म्हणाली
आणि धावत राहिली.
धावत म्हणजे काय, तुम्ही चालता त्याहून जरा हळूच,
पण एखादा क्षण दोन्ही पाय हवेत असायचे.
मी नीट बघितलं. असायचे.

रस्ता बाजारावरूनच जातो.
धुकं उठलं होतं. धक्क्यावर समुद्रसिंह पसरलेले,
कुणाच्याच वेळेशी देणंघेणं नसलेले.
तिची बहीण ठेल्यामागून ओरडली,
शाबास नाही, चल नाही:
"अगं, हा मोठा कोंग्रिओ कितीला द्यायचा?"
एदुविनानं धावता धावता भाव सांगितला.
गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं
तर मागं वळून पाचशे पेसो वाढवले.
बहिणीनं अर्धं लिंबू फेकलं. तिनं झेललं,
चोखलं, तोंड वाकडं केलं,
आणि पुढचे तीन किलोमीटर त्याच तोंडानं काढले.

वायरलेस खरखरला. "रोसामेल, कुठं मेलास?"
गिअर अडकतोय, मी म्हणालो.
"फार अडकतोय!" मागून डॉक्टर ओरडला,
त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.
नर्स जागी झाली, कोण आहे पुढं, विचारू लागली.
कुणी काही बोललं नाही.
चौघंही पुढं वाकली होती,
त्यांच्या श्वासांनी काच धुरकटली,
मी बाहीनं पुसत राहिलो.

पोचलो तेव्हा कमानीतली हवा सोडली होती,
ती हळूहळू गुडघ्यावर येत होती.
मोठं घड्याळ खोक्यात गेलेलं.
एक पोरगा चटई गुंडाळत होता, तो थबकला.
"वेळ काय लिहू?"
मी डॅशबोर्डकडे पाहिलं.
हिवाळ्यात बॅटरी बदलली
तेव्हापासून ते घड्याळ मनाला येईल ते सांगतं.
मी तेच सांगितलं.
पोरानं तळहातावर लिहून घेतलं.
एदुविनानं ऐकलं.
"जरा महागच लावलंस," म्हणाली,
आणि फुटपाथवर बसून बुटाची गाठ सोडू लागली.
गाठ सुटेना. कुणीच मदत केली नाही.
आमची छाती झाली नाही.

सोमवारी गाडी धुताना सीटखाली सापडलं:
एक सेफ्टी पिन, काळं पडलेलं केळ्याचं साल,
आणि डॉक्टरचं घड्याळ.
अजून टुकटुकत होतं.
बंद कसं करतात, मलाही सापडलं नाही.