तीन तारका

मंगळवार-गुरुवार, सहा ते आठ.
स्वॉन्सीच्या कॉलेजात खोली नंबर बावीस.
हीटर फक्त खिडकीपाशी तापतो
म्हणून आम्ही सगळे तिकडेच दाटीवाटीने:
मी, लिबान, गोदीतून निवृत्त झालेला डिल्विन,
आणि कोट कधीच न काढणारी एक मुलगी.

पहिल्या दिवशी प्यू सरांनी
हातात आठ तारा दिल्या.
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी,
आणि मग निळी.
तिथे मी चुकले.
हिरवीशेजारी हिरवीच बसवली,
पंगतीत नवऱ्याशेजारी नवरी बसवावी तशी.
"मधल्या दोन जागा निळीच्या," सर म्हणाले,
"जुने टेलिफोन त्याच वापरायचे.
टेलिफोन गेले. जागा राखून ठेवलीय."

दिवसभर केअर होममध्ये
म्हाताऱ्यांची नखं कापणारा माझा हात,
त्यानं पक्कड दाबली. कट्.
टेस्टरवर दिवे लागत गेले,
एक, दोन, तीन, चार, पाच...
सहावा लागेना.
सर म्हणाले, कापा. पुन्हा.
तीन वेळा कापली.
केबल वीतभर आखूड झाली, मी घामाघूम.

पुढच्या आठवड्यात कळलं
की इथे पत्ता भाड्यानं मिळतो.
यंत्र जागं होतं आणि हाक मारतं,
कुणी आहे का, मला एक पत्ता द्या.
अर्धी मुदत सरली की
लगेच विचारायचं, अजून राहू का?
मी एकटीच हसले.
व्हिसाच्या खिडकीशी अकरा वर्षं
मी दुसरं काय विचारत होते?

आज शिकवलं ते मात्र
बसमध्ये बसले तरी डोक्यातून जात नाहीये.

प्रत्येक पुडक्याच्या कपाळावर म्हणे एक आकडा असतो,
सटवाईनं सहाव्या रात्री लिहावा तसा.
दर थांब्यावर त्यातला एक कमी.
शून्य झाला की तो थांबा पुडकं टाकून देतो
आणि मागे चिठ्ठी धाडतो: इथे संपलं.
मग वाट कशी शोधायची?
मुद्दाम अल्पायुषी पुडकी सोडायची.
पहिलं एका पावलाचं, दुसरं दोन, तिसरं तीन.
त्यांच्या मरणाच्या चिठ्ठ्या जोडत जायच्या.
डिल्विन पुटपुटला, क्रूर आहे हे.
सर म्हणाले, स्वस्त आहे.

कुठलाही पत्ता घाला म्हणाले.
मी मिरजेच्या माझ्या शाळेचा घातला.
एक, ही खोली. दोन, कॉलेज. मग लंडन असावं.
मग बराच वेळ समुद्र,
म्हणजे आकडा एकदम शंभरच्या वर.
नवव्या ओळीत नुसत्या
तीन तारका.

"तुटलं का, सर?"
"नाही. काही थांबे उत्तर देत नाहीत.
चिठ्ठीच पाठवत नाहीत."
"मग कळणार कसं ते आहेत की नाही?"
"खाली बघा."
खाली दहावी ओळ आली होती.

आईच्या तेराव्याला मी पोचले नाही,
तेव्हापासून कुमुदताई बोलत नाही.
सहा वर्षं. फोन वाजून वाजून थांबतो.
आणि दर दिवाळीला कार्डिफहून येणारं कुणीतरी
दारात एक डबा ठेवून जातं.
आत मेतकूट. झाकणाला दोऱ्याचे तीन वेढे,
आईच बांधायची तसे.
कुणी दिलं?
एका बाईंनी. नाव सांगू नका म्हणाल्या.

लिबाननं खोडरबर मागितलं, दिलं.
सरांनी फळा पुसला.
वहीत मी फक्त एवढंच उतरवून घेतलं:

नऊ. * * *
दहा. एकशे एकतीस मिलिसेकंद.