एवढं पोटात घाल

गिसेनीच्या छोट्या नाक्यावर
सकाळी सहाला अडसर वर जातो
आणि गोमाकडून बायका येऊ लागतात
डोक्यावर कोबी, काखेत कोंबडी,
दातांत धरलेला परवाना.

माझं काम पडद्यामागचं.
एक बाक, एक खिळा, एक तक्ता.
बायकांना बायकांनीच तपासायचं असा नियम आहे,
आणि नियम चांगला आहे.

वुमिलियाला विचारलं, कितवा?
म्हणाली, सातवा.
मागच्या मंगळवारीही सातवाच होता.
शुक्रवारी तर नव्हताच.

मी हात ठेवला.
पोट कुरकुरलं.
मूल असं वाजत नाही.

मग तिनंच गाठ सोडली.
एक कापड, खाली दुसरं कापड,
सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळलेले
निळ्या पिशव्यांचे गठ्ठे,
इतके पातळ की श्वासानं हलत होते.
तीनशे चाळीस.
दोनदा मोजल्या, कारण तक्त्यात आकडा
अक्षरीही लिहावा लागतो.

ती बाकावर बसून म्हणाली,
ओली सांबाझा कागदात बांधून बघितलीस कधी?
दहा पावलांत कागदाचा मासा होतो.
तुमच्याच बाजारातल्या कोळणी घेतात माझ्याकडून,
त्यांना विचार.

माझ्याकडे उत्तर होतं.
किगालीत दोन दिवसांचं प्रशिक्षण झालंय माझं,
काचेच्या ग्लासातून चहा.
फळ्यावर लिहिलं होतं : पर्याय उपलब्ध आहेत.
किंमत लिहिली नव्हती.

पण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
सगळं गाव कुदळी घेऊन निघतं तेव्हा मीही असते.
सरोवराकडे जाणारी चारी खणताना
अजून निघतात
मी शाळेत होते तेव्हाच्या पिशव्या.
कायदा झाला, पण जमिनीला कुणी कळवलं नाही.
एकीवर दुकानाचं नाव वाचता आलं.
ते दुकान नाही, ती गल्ली नाही,
आणि दुकानदाराबद्दल आमच्याकडे विचारत नाहीत.
पिशवी मात्र धुतली तर वापरता आली असती.

म्हणून मला कायद्याची टिंगल करवत नाही.
आमच्या चारीतून पाणी वाहतं.
वाक्य लहान आहे.
ज्याच्या चुलीपर्यंत ते पाणी आलं होतं
त्याला ते लहान वाटत नाही.

ताई, ती म्हणाली,
एवढं पोटात घाल.

मी तिच्या पोटाकडे पाहिलं.
ट्यूबचे दोन लाल वळ,
त्यांच्या मध्ये जुन्या, खऱ्या बाळंतपणांच्या रेघा.
आत सकाळचं काही गेलेलं असावं असं वाटलं नाही.

दंड लिहिला.
तिनं काचोळीतून नोटा काढल्या,
एकेक, उन्हात वाळवलेल्या मासळीसारख्या सपाट.
म्हणजे दंडाचे पैसे ती घेऊनच निघाली होती.
धंद्याचा खर्च.
हे प्रशिक्षणात नव्हतं.

जप्त माल सीलबंद पिशवीत ठेवावा, अशी ओळ आहे.
कसल्या पिशवीत, ते नाही.
मी तागाचं पोतं घेतलं.
तीनशे चाळीस पिशव्या, आणि पोत्याला
आपण भरलो हे कळलंसुद्धा नाही.

पावती घेऊन ती पडद्याशी थांबली.
सरोवरावरून पाऊस सरकत येत होता,
आणि पावती भिजली तर पुढच्या चौकीवर
तोच दंड पुन्हा.
ही कशात ठेवू?
तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात.
खरंच विचारलं तिनं.

मी इकडेतिकडे पाहिलं.
बाक, खिळा, तक्ता.
माझ्या गळ्यात माझं ओळखपत्र,
प्लास्टिकच्या पाकिटात,
सरकारी, सूट असलेलं.

पोत्याचं तोंड अजून शिवलं नव्हतं.

ती गेल्यावर मी तक्ता पुरा केला.
तारीख. वेळ. हवामान, का कोण जाणे, तेही विचारतात.
नग, आकडी.
मग पेन थोडं झटकून
अक्षरी :
तीनशे एकोणचाळीस फक्त.